टक्केवारी काढण्यासाठी सर्वेक्षण करताय? नमुना किती घ्यायचा ते असं ठरवा

‘सॅम्पल किती घेऊ?’ असं विचारणाऱ्याला सरळ एक आकडा हवा असतो. पण तो आकडा विचारणाऱ्याच्याच निर्णयांतून निघतो. सूत्र एका ओळीचं आहे आणि साध्या कॅल्क्युलेटरवर अर्ध्या मिनिटात सुटतं. त्यात घालायचे तीन आकडे मात्र तुम्हीच ठरवायचे असतात, आणि खरं काम तिथेच आहे. कितीतरी प्रकल्प अहवालांत ‘नमुना ३८५ घेतला’ एवढंच वाक्य असतं. ते ३८५ कुठून आले, असं तोंडी परीक्षेत विचारलं की शांतता पसरते. ती वेळ येऊ नये म्हणून एकेक पायरी नीट पाहू.

सोबतीला एक उदाहरण ठेवू. एका ग्रंथालयाचे ४,००० सभासद आहेत आणि त्यांतले किती टक्के सभासद ई-पुस्तकं वाचतात हे शोधायचं आहे. सगळ्यांना विचारणं शक्य नाही. मग किती जणांना विचारायचं?

पायरी १ : प्रश्न ‘हो’ किंवा ‘नाही’ मध्ये बसतो का, ते पाहा

इथली पद्धत प्रमाणासाठी, म्हणजे प्रपोर्शनसाठी आहे. प्रत्येक व्यक्तीचं उत्तर दोनच खणांत पडलं पाहिजे: वाचतो किंवा वाचत नाही, लस घेतली किंवा घेतली नाही, वस्तू सदोष आहे किंवा नाही. ‘महिन्याला सरासरी किती पुस्तकं वाचता?’ हा सरासरीचा प्रश्न झाला, त्याचं सूत्र वेगळं. ‘तरुण सभासद ज्येष्ठांपेक्षा जास्त वाचतात का?’ ही दोन गटांची तुलना झाली. तिथे चाचणीची ताकद, म्हणजे पॉवर, हिशोबात घ्यावी लागते आणि इथला आकडा तिथे चालत नाही.

‘ई-पुस्तक वाचतो’ म्हणजे नेमकं काय, हेही आत्ताच लिहून ठेवा. गेल्या तीन महिन्यांत निदान एक? की आयुष्यात कधीतरी एक? व्याख्या सैल राहिली, तर पुढचा सगळा हिशोब दशांश चिन्हापर्यंत बरोबर येऊनही काही उपयोग नाही.

पायरी २ : किती चूक चालेल ते ठरवा

याला त्रुटीमर्यादा किंवा मार्जिन ऑफ एरर म्हणतात. ‘३२ टक्के, अधिक-उणे ५’ असं आपण वाचतो, त्यातले ते ५. सूत्रात ते ०.०५ असं जातं.

नवख्यांची पहिली मोठी गफलत इथेच होते. हे ५ म्हणजे टक्केवारीचे ५ अंक असतात, उत्तराचे ५ टक्के नव्हेत. खरं प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास असेल, तर ‘अधिक-उणे ५’ याचा अर्थ १५ ते २५. कुणी ते ‘२० चे ५ टक्के’ असं वाचलं तर मर्यादा अधिक-उणे १ होते, म्हणजे १९ ते २१. हा फरक शब्दांचा वाटला तरी पहिल्या अर्थाने २४६ लोक लागतात आणि दुसऱ्या अर्थाने ६,१४७. मार्गदर्शकांनी ‘पाच टक्के एरर धर’ असं सांगितलं असेल, तर त्यांना कुठला अर्थ अभिप्रेत आहे ते विचारून घ्या.

मर्यादा ठरवायची ती निकालाचं पुढे काय करणार आहात त्यावरून. ग्रंथालयाने ‘निम्म्याहून जास्त सभासद वाचत असतील तरच नवी वर्गणी भरू’ असं ठरवलं असेल आणि खरा आकडा ३० च्या आसपास असेल, तर अधिक-उणे १० सुद्धा पुरेल. तोच आकडा ४७ च्या आसपास असेल तर ५ देखील जाड पडतील. सगळे ५ घेतात म्हणून आपणही घेणं चूक नाही, पण ते कारणही नव्हे.

मर्यादा निम्मी केली की नमुना चौपट होतो, कारण सूत्रात तिचा वर्ग छेदात आहे. ९५ टक्के विश्वासपातळीला अधिक-उणे १० साठी ९७ जण, ५ साठी ३८५, ३ साठी १,०६८, २ साठी २,४०१ आणि १ साठी ९,६०४. शेवटचे दोन आकडे पाहिले की ‘जरा अचूक करूया’ या सहज वाक्याची किंमत कळते.

पायरी ३ : विश्वासपातळी निवडा

कॉन्फिडन्स लेव्हल म्हणजे विश्वासपातळी. ९५ टक्के विश्वासपातळीचा अर्थ असा: हेच सर्वेक्षण याच पद्धतीने पुन्हा पुन्हा केलं आणि दर वेळी असाच पट्टा (आलेली टक्केवारी अधिक-उणे मर्यादा) काढला, तर त्यांतल्या साधारण ९५ टक्के पट्ट्यांमध्ये खरं प्रमाण सापडेल. या पातळीवरून झेडचा आकडा, म्हणजे पट्टा किती रुंद ठेवायचा ते सांगणारा गुणक, ठरतो: ९० टक्क्यांना १.६४५, ९५ ला १.९६, ९९ ला २.५७६.

फारसा विचार न करता ९५ घ्या. ९९ ने नमुना ३८५ वरून ६६४ वर जातो, ९० ने २७१ वर उतरतो. निर्णय खरोखर गंभीर असेल तर ९९ चा विचार करा.

स्प्रेडशीटमधून झेड काढणाऱ्यांसाठी एक सूचना. ‘नॉर्म.एस.इन्व्ह’ या फंक्शनला ०.९५ दिलं तर १.६४५ मिळतं, १.९६ नाही. उरलेले ५ टक्के दोन्ही टोकांना अडीच-अडीच वाटले जातात, म्हणून तिथे ०.९७५ द्यायचं.

पायरी ४ : प्रमाणाचा अंदाज घ्या, नसेल तर निम्मं धरा

हा भाग ऐकायला विचित्र वाटतो. जे शोधायचं आहे तेच सूत्रात आधी घालायचं! कारण असं की उत्तरांतली विविधता प्रमाणावर अवलंबून असते. जवळजवळ सगळेच ‘हो’ म्हणणार असतील तर थोड्या लोकांना विचारूनही चित्र स्पष्ट होतं. निम्मे-निम्मे असतील तेव्हा नमुन्यागणिक आकडा सर्वांत जास्त हलतो.

ही विविधता प × (१ − प) या गुणाकारात येते. इथे ‘प’ म्हणजे अपेक्षित प्रमाण. प ०.१ असेल तर गुणाकार ०.०९, ०.२ ला ०.१६, ०.३ ला ०.२१ आणि ०.५ ला ०.२५. यापुढे तो वाढतच नाही, ०.७ ला पुन्हा ०.२१. म्हणून काहीच माहिती नसेल तेव्हा ०.५ धरतात. खरं प्रमाण काहीही निघो, नमुना कमी पडत नाही.

आधीच्या अभ्यासातून ‘२० ते ३५ टक्क्यांच्या दरम्यान असावं’ असं कळत असेल, तर त्या पट्ट्यातलं निम्म्याच्या सर्वांत जवळचं टोक घ्या, म्हणजे ०.३५. मधला आकडा घेऊ नका.

‘आधी छोटं पायलट सर्वेक्षण करून प काढा’ हा सल्लाही सर्रास मिळतो. पायलट जरूर करा, प्रश्नावलीतले खड्डे त्यातच दिसतात. पण त्यातून प काढून नमुना वाचवायची आशा धरू नका. समजा ४० जणांच्या पायलटमध्ये १२ जण ‘हो’ म्हणाले, म्हणजे ३० टक्के. या ३० टक्क्यांची स्वतःची त्रुटीमर्यादाच अधिक-उणे १४ आहे. खरं प्रमाण १६ पासून ४४ पर्यंत कुठेही असू शकतं. निम्म्याजवळचं टोक, म्हणजे ०.४४ धरलं, तर नमुना येतो ३७९. इतका खटाटोप करून ३८५ मधून सहा माणसं वाचली.

पायरी ५ : सूत्र सोडवा

नमुना = झेड² × प × (१ − प) ÷ ई²

इथे ‘ई’ म्हणजे त्रुटीमर्यादा. हे विल्यम कॉक्रन या संख्याशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखलं जातं. आपल्या उदाहरणात प माहीत नाही, म्हणून ०.५, विश्वासपातळी ९५, मर्यादा ०.०५.

झेडचा वर्ग: १.९६ × १.९६ = ३.८४१६
प × (१ − प): ०.५ × ०.५ = ०.२५
दोन्हींचा गुणाकार: ०.९६०४
ईचा वर्ग: ०.०५ × ०.०५ = ०.००२५
भागाकार: ०.९६०४ ÷ ०.००२५ = ३८४.१६

हा आकडा नेहमी वरच्या पूर्णांकात न्यायचा, म्हणून ३८५. दशांश कितीही लहान असला तरी खाली आणायचं नाही. ३८४ घेतले तर ठरवलेली मर्यादा केसभर का होईना ओलांडली जाते. स्प्रेडशीटमध्ये ‘राउंड’ न वापरता ‘राउंडअप’ वापरा.

मग काही ठिकाणी ३८४ का दिसतात? क्रेजसी आणि मॉर्गन यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेला तक्ता शोधप्रबंधांत फार वापरला जातो. त्यात १० लाखांच्या समष्टीपुढे, म्हणजे एकूण समूह १० लाखांचा असेल तिथे, ३८४ आहेत, कारण तिथे आकडे जवळच्या पूर्णांकात आणले आहेत. त्या तक्त्यातही विश्वासपातळी ९५, मर्यादा ०.०५ आणि प ०.५ हेच गृहीत धरलेलं आहे. तुमची गृहीतकं वेगळी असतील तर तो तक्ता तुमच्यासाठी नाही. ३८४ की ३८५ यावर मात्र कुणाशी वाद घालू नका. प्रत्यक्ष कामात त्या एका माणसाने काही बिघडत नाही.

पायरी ६ : समष्टी लहान असेल तर आकडा खाली आणा

वरच्या सूत्रात ४,००० हा आकडा कुठे आलाच नाही, हे लक्षात आलं असेल. समष्टी म्हणजे ज्यांच्याबद्दल निष्कर्ष काढायचा तो सगळा समूह. ती मोठी म्हणून नमुनाही त्याच पटीत मोठा, ही समजूत फार घट्ट बसलेली आहे आणि ती चुकीची आहे. ‘समष्टीच्या १० टक्के घ्या’ हा नियम तिच्यातूनच जन्मलेला. २०० लोकांत १० टक्के म्हणजे २० जण. त्यांच्यावरून आलेल्या उत्तराची मर्यादा अधिक-उणे २० च्या घरात जाते. १० लाखांत १० टक्के म्हणजे १ लाख लोक. इतक्यांना विचारायची काहीच गरज नसते. भांडं नीट ढवळलेलं असेल तर चव घ्यायला एक चमचा पुरतो, भांडं छोटं असो वा मोठं.

समष्टी लहान असेल तेव्हा मात्र फरक पडतो, कारण नमुन्यातच तिचा मोठा हिस्सा येतो. त्यासाठीची दुरुस्ती अशी:

दुरुस्त नमुना = मूळ नमुना ÷ (१ + (मूळ नमुना − १) ÷ समष्टी)

मूळ नमुना म्हणून पूर्णांकात न आणलेला ३८४.१६ घ्या. ग्रंथालयासाठी: ३८३.१६ ÷ ४,००० = ०.०९५७९, ३८४.१६ ÷ १.०९५७९ = ३५०.५८, म्हणजे ३५१. याच गृहीतकांवर समष्टी २०० असेल तर १३२, ५०० असेल तर २१८, १,००० ला २७८, १०,००० ला ३७० आणि १ लाखाला ३८३. दहा हजारांच्या पुढे आकडा जवळपास थिजतो. मूळ नमुना समष्टीच्या ५ टक्क्यांहून कमी असेल तर ही पायरी सोडून दिलीत तरी चालेल.

इथेच ‘स्लोव्हिनचं सूत्र’ भेटतं: समष्टी भागिले (१ + समष्टी × ई²). सोपं आहे म्हणून लोकप्रिय आहे. पण त्यात झेड २ आणि प ०.५ आतल्या आत गृहीत धरलेलं असतं, म्हणून मोठ्या समष्टीला ते ३८५ ऐवजी ४०० देतं. विश्वासपातळी बदलायची म्हटली तर त्यात जागाच नाही. ९९ टक्के विश्वासपातळी लिहून खाली स्लोव्हिन लावलेला अहवाल हाती आला, तर हिशोब समजून केलेला नाही हे तिथेच कळतं.

पायरी ७ : लोक गटागटाने निवडणार असाल तर आकडा वाढवा

आतापर्यंतचं सगळं साध्या यादृच्छिक निवडीसाठी आहे: संपूर्ण यादी हातात, प्रत्येकाला निवडलं जायची सारखी संधी. प्रत्यक्षात पुष्कळदा आधी शाळा, वॉर्ड किंवा गावं निवडतात आणि मग त्यांतली माणसं. एका गटातली माणसं एकमेकांसारखी असतात, त्यामुळे एकाच शाळेतल्या २० मुलांकडून २० स्वतंत्र मुलांइतकी माहिती मिळत नाही.

ही तूट डिझाइन इफेक्टने भरून काढतात: १ + (गटातली माणसं − १) × गटांतर्गत साम्य. गटात २० जण आणि साम्याचा गुणांक ०.०५ असेल, तर १ + १९ × ०.०५ = १.९५. नमुना जवळजवळ दुप्पट, ३८४.१६ × १.९५, म्हणजे ७५०. गटात १० च जण घेतले तर गुणक १.४५ होतो आणि ५५८ पुरतात. म्हणून थोड्या गटांतून पुष्कळ माणसं घेण्यापेक्षा पुष्कळ गटांतून थोडी घेणं बहुधा फायद्याचं ठरतं. प्रवासाचा खर्च वाढतो ते वेगळं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या लसीकरण कार्यक्रमात दीर्घकाळ वापरलेली ‘३० समूह, प्रत्येकी ७ मुलं’ ही पद्धत याच हिशोबातून आली. प ०.५ आणि मर्यादा अधिक-उणे १० धरून ९६ (इथे ९६.०४ वरच्या पूर्णांकात नेलेले नाहीत), डिझाइन इफेक्ट २ धरून १९२, आणि ३० समूहांत समान वाटता यावेत म्हणून २१०. ही पद्धत अधिक-उणे १० साठी बेतलेली आहे हे विसरून तिच्या निकालांतून २-३ अंकांच्या फरकांवर बोलणं म्हणजे आकड्यांवर नको तेवढा भार टाकणं.

पायरी ८ : उत्तर न देणाऱ्यांचा हिशोब धरा

३५१ ही मिळायला हवी अशी उत्तरं आहेत, पाठवायच्या प्रश्नावल्या नव्हेत. ६० टक्के लोक उत्तर देतील असा अंदाज असेल तर ३५१ ला ०.६ ने भागा: ५८५ जणांना विचारावं लागेल.

भागायचंच. ‘४० टक्के गळती, म्हणून ४० टक्के वाढवू’ असं करून ३५१ × १.४ = ४९२ काढले, तर त्यांच्या ६० टक्के म्हणजे २९५ च उत्तरं हाती येतील. गळती १० टक्के असते तेव्हा ही चूक लपून जाते, ४० टक्क्यांना ती उघडी पडते.

जास्त लोकांना विचारल्याने आकडा भरतो, पक्षपात जात नाही. ई-पुस्तकं वाचणारेच उत्साहाने उत्तर देत असतील तर ३५१ काय आणि ३,५१० काय, टक्केवारी फुगलेलीच येणार. अमेरिकेत १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ने २० लाखांहून जास्त मतपत्रिका परत मिळवल्या आणि तरीही चुकीचा विजेता जाहीर केला. सूत्रातली त्रुटीमर्यादा फक्त योगायोगाने होणाऱ्या चुकीची असते, हे ऑनलाइन कॅल्क्युलेटरवर सहसा लिहिलेलं नसतं. त्यामुळे पैसे उरले तर ते नवी नावं जोडण्याऐवजी न बोललेल्यांना दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा गाठण्यावर घालवा, असं माझं मत आहे.

दोन अडचणीच्या जागा

पहिली, दुर्मीळ गोष्टी. २ टक्के लोकांत आढळणारी एखादी स्थिती मोजायची आहे. प ०.०२ आणि मर्यादा ०.०५ घातली की सूत्र म्हणतं ३१ जण पुरे. पण ३१ जणांत अशी एखादी व्यक्तीही सापडेलच असं नाही, आणि पट्टा निघतो उणे ३ ते ७ टक्के. उणे टक्केवारीला अर्थच नाही. इथे मर्यादा प्रमाणाच्या निम्मी किंवा त्याहून कमी ठेवा. ०.०१ घेतली की नमुना ७५३ येतो. तपासायची खूण अशी: नमुना × प आणि नमुना × (१ − प) हे दोन्ही निदान १० असावेत. ७५३ × ०.०२ म्हणजे सुमारे १५, ठीक. विश्लेषण करतानाही अशा वेळी साध्या सूत्राऐवजी विल्सनचा पट्टा (शून्याखाली न जाणारा विश्वासपट्टा) वापरा.

दुसरी, उपगट. ३८५ जणांचा नमुना घेऊन अहवालात चार वयोगटांची टक्केवारी वेगवेगळी द्यायची, हे फार होतं. प्रत्येक गटात साधारण ९६ जण उरतात, म्हणजे त्या त्या गटाची मर्यादा अधिक-उणे १०. प्रत्येक गटासाठी ५ हवे असतील तर प्रत्येकी ३८५, एकूण १,५४०.

एवढे लोक परवडत नसतील तर

हिशोब उलटा करा. १५० च लोक शक्य असतील, तर त्यातून मर्यादा किती येते ते काढा: झेड × वर्गमूळ (प × (१ − प) ÷ नमुना). १५० ला अधिक-उणे ८, २०० ला सुमारे ६.९. एवढ्याने तुमचा निर्णय होत असेल तर सर्वेक्षण जरूर करा आणि मर्यादा अहवालात स्पष्ट लिहा. होत नसेल तर आत्ताच थांबा. हव्या त्या आकड्यापर्यंत पोहोचण्यासाठी विश्वासपातळी गुपचूप ९५ वरून ९० वर आणणं किंवा प मनाने ०.१ धरणं, हा मार्ग नाही.

अहवालात काय लिहायचं

ग्रंथालयाच्या उदाहरणापुरता मजकूर असा होईल:

‘४,००० सभासदांच्या यादीतून साध्या यादृच्छिक पद्धतीने निवड केली. ९५ टक्के विश्वासपातळी, ५ टक्के-अंकांची त्रुटीमर्यादा आणि प्रमाण ०.५ गृहीत धरून कॉक्रनच्या सूत्राने ३८४.१६ असा नमुना आला. मर्यादित समष्टीच्या दुरुस्तीनंतर ३५१. प्रतिसादाचं अपेक्षित प्रमाण ६० टक्के धरून ५८५ सभासदांशी संपर्क साधला.’

सर्वेक्षण झाल्यावर मर्यादा पुन्हा काढायची, कारण आता खरं प हातात असतं. समजा ३५१ जणांची उत्तरं आली आणि ११२ जण ‘हो’ म्हणाले. प्रमाण ३१.९ टक्के. वर्गमुळात ०.३१९ × ०.६८१ ÷ ३५१ घातलं, लहान समष्टीची दुरुस्ती म्हणून उत्तराला (४,००० − ३५१) ÷ ३,९९९ याच्या वर्गमुळाने गुणलं आणि शेवटी १.९६ ने गुणलं, की मर्यादा येते अधिक-उणे ४.७. ठरवलेल्या ५ पेक्षा थोडी कमी, कारण प्रमाण निम्म्यापासून दूर निघालं. निकालात लिहायचं ते हे: ‘३१.९ टक्के सभासद ई-पुस्तकं वाचतात (९५ टक्के विश्वासपट्टा २७.३ ते ३६.६)’. आणि त्याच परिच्छेदात, ५८५ पैकी किती जणांनी उत्तरच दिलं नाही, तो आकडाही द्या.